वजन कमी करताना बिअर आणि दारूचा हिशेब कसा ठेवावा

वजन कमी करायला निघालेल्या माणसाला आहारतज्ज्ञाच्या पहिल्याच भेटीत साखर, तळण आणि दारू बंद करण्यास सांगितले जाते. पहिल्या दोन गोष्टींबाबत तो निदान प्रयत्न करतो. दारूच्या बाबतीत तो मान डोलावतो आणि शुक्रवारी संध्याकाळी लोअर परळच्या ऑफिसातून निघाला की मित्रांबरोबर बसतो. पुढच्या भेटीत हे सांगायला त्याला संकोच वाटतो, त्यामुळे खाण्याच्या वहीत सगळे नीट असूनही वजनाचा काटा का हलत नाही याचे उत्तर कोणालाच सापडत नाही. हा लेख अशा वाचकासाठी आहे, म्हणजे जो अधूनमधून घेतो, पूर्ण सोडण्याचा त्याचा तूर्त विचार नाही, आणि तरीही त्याला पोटाचा घेर कमी करायचा आहे.

जो पीत नाही त्याने हा लेख वाचून सुरुवात करण्याचे काहीच कारण नाही. आरोग्याला पूर्णपणे सुरक्षित असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे, आणि माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात मद्याची गणना १९८८ पासून होते. रोज थोडी वाईन हृदयाला चांगली, हा युक्तिवाद वजन उतरवण्याच्या बेतात तर अजिबात आणू नये.

आधी कोणी थांबावे

गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रिया, यकृताचा किंवा स्वादुपिंडाचा आजार असलेले, पूर्वी व्यसनातून बाहेर पडलेले आणि झोपेच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या घेणारे यांच्यासाठी पुढचा हिशेब नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्यांनी, किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एक पेगही या बेतात धरू नये. यकृत दारू निस्तरण्यात गुंतले की रक्तात नवी साखर सोडण्याचे त्याचे काम मंदावते, आणि रिकाम्या पोटी घेतलेल्या दारूनंतर मध्यरात्री साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. अशा वेळी घाम, थरथर आणि बरळणे यांना घरचे लोक नशाच समजतात, हा त्यातला खरा धोका आहे. पोटाची वजन-शस्त्रक्रिया झालेल्यांना तेवढ्याच दारूची नशा पुष्कळ लवकर आणि जास्त चढते, त्यामुळे त्यांनीही शल्यचिकित्सकांना विचारावे. फॅटी लिव्हरचा (यकृतात चरबी साठल्याचा) अहवाल हातात असेल तर पहिला सल्ला पूर्ण बंद करण्याचाच असतो आणि तो बरोबर आहे. महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाईनसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षे ही कायद्याने ठरलेली किमान वये आहेत, हेही येथेच नोंदवतो.

बाटलीवरचा टक्का आणि अठराचा भागाकार

बिस्किटाच्या पुड्यावर कॅलरी छापलेल्या असतात. दारूच्या बाटलीवर त्या बहुधा नसतात. मद्यार्काचे, म्हणजे अल्कोहोलचे, प्रमाण मात्र टक्क्यांत छापलेले असतेच, आणि तेवढ्यावर हिशेब करता येतो. एक ग्रॅम शुद्ध मद्यार्कातून ७ कॅलरी मिळतात, एक ग्रॅम चरबीतून ९ आणि पिठूळ पदार्थातून (कार्बोहायड्रेटमधून) किंवा प्रथिनातून ४. मद्यार्क पाण्यापेक्षा हलका असल्याने त्याचा एक मिलिलिटर सुमारे ०.७९ ग्रॅम भरतो. हे सगळे एकत्र केले की सोपे सूत्र निघते: जेवढे मिलिलिटर घेतले त्यांना टक्क्याने गुणावे आणि १८ ने भागावे. उत्तर येते त्या मद्यार्कातल्या कॅलरींचे.

आपल्याकडच्या व्हिस्की, रम, व्होडका आणि जिनच्या बहुतेक बाटल्यांवर ४२.८ टक्के छापलेले असते. ३० मिलिलिटरचा स्मॉल पेग म्हणजे साधारण ७१ कॅलरी, ६० चा लार्ज म्हणजे १४२, ९० मिलिलिटरची नाइन्टी सुमारे २१५ आणि १८० ची क्वार्टर जवळजवळ ४३०. यात रंगाचा काही संबंध नाही. पांढऱ्या दारूने वजन वाढत नाही ही समजूत मुंबईतल्या प्रत्येक परमिट रूममध्ये ऐकू येते. पण टक्का सारखा असेल तर व्होडका आणि रम यांच्या कॅलरी सारख्याच असतात. व्हिस्कीत साखर नसते हे खरे असले तरी त्याचा फायदा फार नाही, कारण कॅलरी साखरेतून येत नसून मद्यार्कातून येतात.

बिअरमध्ये मद्यार्काशिवाय माल्टमधून उरलेले पिठूळ घटकही असतात, ते १०० मिलिलिटरमागे तीन-चार ग्रॅम धरावेत. ५ टक्क्यांच्या माइल्ड बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली अशा हिशेबाने २७० कॅलरींच्या आसपास जाते आणि ३३० चा पाइंट १३५ ते १४०. स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांपर्यंत असते. तिची मोठी बाटली ३८० ते ३९० कॅलरींची, म्हणजे एक माइल्ड बाटली आणि वर साधारण दीड स्मॉल पेग. ‘मी फक्त बिअर घेतो’ असे सांगणाऱ्याला म्हणूनच पहिला प्रश्न कोणती बिअर हा विचारावा लागतो. वाईनचा १५० मिलिलिटरचा ग्लास, नाशिकची असो की परदेशी, कोरडी असल्यास १२० च्या आसपास बसतो, गोड असल्यास त्याहून वर. बारमधल्या कॉकटेलचा हिशेब बाहेरून करता येत नाही, कारण सिरप किती ओतले हे फक्त बारटेंडरला माहीत असते. वजन उतरवायचे असेल तर ती सोडून दिलेली बरी.

घरी पिणाऱ्यांनी एकदा एक छोटा प्रयोग करावा. नेहमीच्या ग्लासात नेहमीच्या अंदाजाने पेगभर पाणी ओतावे आणि ते स्टीलच्या ३०-६० च्या मापात किंवा खोकल्याच्या औषधाच्या टोपणात मोजून पाहावे. हाताने ओतलेला ‘स्मॉल’ पुष्कळदा ४५ मिलिलिटरच्या आसपास भरतो, म्हणजे तीन पेग झाले असे वाटते तेव्हा प्रत्यक्षात साडेचार झालेले असतात. ज्यांना मापाचा कंटाळा आहे त्यांनी घरी खंबा (७५० मिलिलिटरची मोठी बाटली) आणण्याऐवजी नाइन्टी आणावी. मिलिलिटरमागे ती महाग पडते, परंतु ती संपते, आणि आपल्याला हवे आहे तेच.

शरीर दारूचे काय करते

मद्यार्क शरीरात साठवता येत नाही, त्यामुळे तो आला की यकृत बाकीची कामे बाजूला ठेवून आधी त्याची विल्हेवाट लावते आणि त्या काळात चरबी जाळण्याचा वेग घटतो. खुद्द दारूची फारच थोडी चरबी बनते. तिच्यासोबत खाल्लेल्या तेलकट पदार्थांची मात्र बिनबोभाट साठवण होते. सर्वसाधारण प्रौढ माणसाचे यकृत तासाला ७ ते १० ग्रॅम मद्यार्क निस्तरते. एका स्मॉल पेगमध्ये १० ग्रॅम असतो, म्हणून त्याला एक तास किंवा थोडा अधिक लागतो. दोन स्ट्राँग बिअरमध्ये ८० ग्रॅमांहून अधिक मद्यार्क असतो, म्हणजे रात्री आठला सुरू केलेले काम सकाळी सहापर्यंत, काहींच्या बाबतीत त्यानंतरही, चालू असते. पहाटे गाडी चालवून कामावर जाणाऱ्यांनी हा हिशेब वजनासाठी नाही तरी स्वतःच्या आणि इतरांच्या जिवासाठी लक्षात ठेवावा.

पैसा कुठे खर्च होतो ते आधी पाहावे

समजा, डोंबिवलीहून लोअर परळला ये-जा करणारा ७८ किलोचा एक गृहस्थ आहे. त्याची रोजची गरज २२०० कॅलरींची आहे आणि तो १७०० वर राहण्याचा प्रयत्न करतो. रोजची ५०० ची तूट आठवड्यात ३५०० होते. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी, तेव्हा आठवड्याला साडेचारशे ग्रॅमच्या आसपास चरबी उतरायला हवी. आता त्याचा शुक्रवार पाहू. दोन स्ट्राँग बिअर, ७७० कॅलरी. मसाला शेंगदाण्यांची एक प्लेट, त्यात अडीच मुठी शेंगदाणे असतात, ४००. चिकन लॉलीपॉपची अर्धी प्लेट, सुमारे ३००. डोंबिवलीला उतरल्यावर स्टेशनबाहेरच्या गाडीवर डबल अंड्याची बुर्जी आणि दोन पाव, ५००. बेरीज दोन हजारांच्या जवळ जाते आणि तीत दारूचा वाटा चाळीस टक्क्यांहून कमी आहे.

एवढ्यावर तो थांबला आणि घरचे सहाशे कॅलरींचे जेवण त्याने केले नाही, तर जादा गेलेल्या कॅलरी चौदाशे. परंतु घरी आई किंवा बायको ताट वाढून बसलेली असते, बाहेर खाल्ले हे सांगणे म्हणजे कुठे बसलो होतो हेही सांगणे, म्हणून तो गुपचूप पुन्हा जेवतो. मग पूर्ण दोन हजार वर गेले. शनिवारी सोसायटीच्या गच्चीवर तेच झाले की आठवड्याची सगळी तूट भरून निघाली आणि वर पाचशे चढल्या. पाच दिवस ज्वारीची भाकरी खाऊन वजन का उतरत नाही, याचे कोडे एवढेच असते. बिअरचे म्हणून ओळखले जाणारे पोट बहुतांशी असेच तयार होते.

म्हणून पहिले दोन आठवडे काहीही बदलू नये, फक्त लिहावे. किती प्यायलो, सोबत काय खाल्ले, घरी आल्यावर काय खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय खाल्ले, या चार गोष्टी मोबाईलमध्ये त्याच वेळी टिपाव्यात. दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलेली नोंद हमखास कमी भरते.

आठवड्याचे अंदाजपत्रक

नोंद हातात आली की मर्यादा ठरवता येते. माझे मत असे की वजन उतरवण्याच्या काळात आठवड्यातून दोनच संध्याकाळी बसावे आणि पुरुषाने एका संध्याकाळी एक माइल्ड मोठी बाटली किंवा दोन स्मॉल पेग एवढ्यावर थांबावे. आठवड्याला ते तीनशे ते साडेपाचशे कॅलरींत बसते. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण तुलनेने कमी असल्याने तेवढ्याच दारूचा रक्तातला अंश जास्त होतो, शिवाय त्यांच्या रोजच्या कॅलरीही कमी असतात. त्यांनी एक पाइंट किंवा एक पेग ही सीमा धरावी. न वापरलेला कोटा पुढच्या आठवड्यात नेता येत नाही, आणि दोन्ही दिवसांचा एकाच रात्री संपवणे म्हणजे मर्यादा मोडणेच होय.

या कॅलरी कोठून वजा करायच्या, याबद्दल मात्र ठाम राहावे लागते. भात, पोळी, तेल, गोड आणि चहातली साखर यांतून त्या काढाव्यात. डाळ, उसळ, अंडी, मासे, दही आणि भाजी यांना हात लावू नये. प्रथिने कमी झाली की वजन उतरते ते स्नायूंचे, आणि भूकही वाढते. दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी ‘आता हिशेब जमला’ म्हणून बसणे हा तर सर्वांत वाईट प्रकार आहे: रिकाम्या पोटी दारू लवकर चढते, आणि दुसऱ्या पेगनंतर समोर येईल ते खाल्ले जाते.

बसण्याच्या दिवशी

संध्याकाळी पाच-साडेपाचला, ऑफिस सुटण्यापूर्वी, पोटात काहीतरी भरीव जायला हवे. दोन उकडलेली अंडी, वाटीभर मटकीची उसळ, ताकासोबत भाजलेले चणे, यांपैकी काहीही चालेल. (मिसळ मागवून तर्री आणि फरसाण बाजूला काढणारे लोक मी पाहिले आहेत, ते शेवटी तर्रीही खातात, म्हणून हा मार्ग सुचवत नाही.)

बारमध्ये बसल्यावर आधी पाण्याचा एक पूर्ण ग्लास संपवावा, कारण उकाड्यात लोकलमधून आलेल्या माणसाची पहिली बिअर तहानेपोटीच भराभर संपते. पेगात साधा सोडा किंवा पाणी घ्यावे. कोलाच्या २०० मिलिलिटरमध्ये साधारण २० ग्रॅम साखर असते, म्हणजे प्रत्येक पेगामागे ८० कॅलरी वाढल्या; टॉनिक वॉटर कडवट लागत असले तरी तेही साखरेचेच असते. दोन पेगांच्या मध्ये एक फ्रेश लाइम सोडा, खारा आणि साखरेविना, मागवावा. हातात ग्लास राहतो, टेबलावर कोणी खोदून विचारत नाही आणि एक तास निघून जातो.

वेटरला दोन सूचना सुरुवातीलाच द्याव्यात. पहिली, रिकामी बाटली उचलू नकोस. ती समोर असली की मोजणी चुकत नाही. दुसरी, विचारल्याशिवाय नवी उघडू नकोस. नेहमीच्या परमिट रूममध्ये वेटर ओळखीचा असतो आणि पहिली बाटली तळाला गेली की प्रेमानेच दुसरी आणून ठेवतो. त्या प्रेमाला आधीच आवर घालणे सोपे जाते. चार जणांत क्वार्टर किंवा खंबा मागवण्याऐवजी आपला पेग वेगळा मागवावा. एकत्र मागवलेली बाटली संपवूनच उठायचे हा अलिखित नियम असतो आणि बिल समान वाटले जाणार म्हटल्यावर कोणी कमी पीत नाही.

चकणा

सगळ्यात जास्त वाचवता येण्यासारखे येथेच आहे, म्हणून थोडे तपशिलात जातो. फुकट येणाऱ्या वाट्यांपैकी काकडी, गाजर, बीट आणि उकडलेले चणे ठेवावेत, शेव, चकली आणि तळलेल्या रंगीत नळ्या परत पाठवाव्यात. नुसत्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवून उपयोग होत नाही, कारण तासाभराने हात तिथपर्यंत पोहोचतो. शेंगदाणे वाईट पदार्थ नव्हे, परंतु ३० ग्रॅमच्या एका मुठीत १७० कॅलरी असतात आणि बोलण्याच्या ओघात मूठ कोणी मोजत नाही. उकडलेले, सालीसकट असले तर सोलण्यात वेळ जातो आणि कमी खाल्ले जातात. पापड भाजलेला मागवावा. तळलेल्यात कॅलरी दुपटीच्या आसपास जातात, आणि मसाला पापड मागवल्यास तो भाजलेलाच हवा हे वेगळे सांगावे लागते.

मुख्य पदार्थ एकच, तोही प्रथिनांचा आणि भट्टीतला किंवा तव्यावरचा असावा. चिकन टिक्का, तंदुरी पॉम्फ्रेट, तव्यावरची सुरमई, शाकाहारींना पनीर टिक्का. कोळीवाडा म्हणून जे काही येते, कोळंबी असो, चिकन असो की चणे, ते तळलेलेच असते. रव्यातले बोंबील जिभेला कितीही हलके लागले तरी रवा तेल धरून ठेवतो. ऑर्डर पहिल्या पेगाच्या आत द्यावी आणि हाच आपला रात्रीचा आहार समजावा. तिसऱ्या तासाला ऑर्डर भूक देत नाही, दारू देते.

खारट चकण्याने तहान लागते आणि तहानेने पुढचा पेग लवकर जातो.

घरी जाताना आणि घरी पोहोचल्यावर

निघण्याची गाडी आधी ठरवावी. ९.४० ची कल्याण लोकल पकडायची आहे असे बसतानाच सांगून टाकले की ‘अजून एक’ला उत्तर तयार असते, शेवटच्या गाडीपर्यंत थांबणाऱ्याचा हिशेब मी आजवर जुळलेला पाहिलेला नाही. स्टेशनबाहेरची बुर्जी-पावाची गाडी टाळण्यासाठी इच्छाशक्तीवर विसंबू नये, दुसऱ्या बाजूच्या जिन्याने उतरावे. घरी मात्र दुपारीच फोन करून सांगावे की रात्री जेवणार नाही, फक्त वाटीभर आमटी किंवा ताक घेईन. वाढलेले ताट परत करणे अवघड असते, न वाढलेले टाळणे सोपे असते. गाडी किंवा दुचाकी स्वतः चालवत घरी जाण्याचा प्रश्नच येत नाही, तेवढ्या ‘थोड्याशा’नेही नाही.

झोपेपूर्वी दोन-तीन तास शेवटचा घोट झालेला असावा. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप तुटते, आणि अपुऱ्या झोपेनंतर दुसऱ्या दिवशी गोड आणि तेलकटाची ओढ वाढते.

दुसरा दिवस

सकाळी वजन करू नये. दारूने लघवी जास्त होते म्हणून काटा कधी खोटाच खाली दिसतो, आणि खारट खाण्यामुळे शरीरात पाणी धरले गेले की तोच दोन दिवस खोटाच वर दिसतो. दोन्ही आकड्यांवरून निष्कर्ष काढणे व्यर्थ आहे. वजनासाठी बुधवार किंवा गुरुवारची सकाळ ठेवावी. उतारा म्हणून पुन्हा बिअर घेणे म्हणजे कोट्याबाहेरच्या कॅलरी तर आहेतच, शिवाय ती सवयीची पहिली पायरी आहे. पाणी, ताक, लिंबू-मीठ, नाश्त्याला अंडी किंवा मुगाचे धिरडे एवढे पुरते. डोकेदुखीसाठी पॅरासिटॅमॉलच्या गोळ्यांवर गोळ्या घेऊ नयेत, कारण यकृतावर आधीच भार असतो. व्यायाम शिक्षा म्हणून दुप्पट करण्यात अर्थ नाही. अर्ध्या-पाऊण तासाचे चालणे ठीक, जड वजने एक दिवस पुढे ढकलावीत.

गटारी, श्रावण आणि ३१ डिसेंबर

आपल्या वर्षात एक सोय आयती आहे. आषाढ अमावास्येला गटारी साजरी करून पुष्कळ मराठी घरांत श्रावणभर, काहींकडे गणपती विसर्जनापर्यंत, मांस आणि मद्य बंद असते. वजनाच्या दृष्टीने हा उत्तम प्रयोग आहे. श्रावणाच्या पहिल्या दिवशी वजन आणि बेंबीच्या रेषेवर कंबरेचा घेर नोंदवावा आणि महिन्याने पुन्हा मोजावा. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वरचा घेर धोक्याचा मानला जातो. दारू बंद होऊनही घेर तसाच राहिला, तर सोमवारच्या उपवासाची साबुदाणा खिचडी, शेंगदाण्याचे लाडू आणि वेफर्स यांचा हिशेब लावून पाहावा. बंदीच्या आदल्या रात्री महिन्याभराचे पिऊन घेणे, ही गटारीची रूढ पद्धत, एवढी मात्र सोडावी.

लग्ने, ३१ डिसेंबर आणि गोव्याची सहल यांसाठी वेगळा कोटा मागू नये. वर्षातून असे तीन-चार प्रसंग येतातच, त्या आठवड्यात वजन उतरणार नाही एवढे मान्य करून पुढच्या सोमवारपासून नेहमीच्या बेतावर यावे.

चार आठवड्यांनी

मर्यादा पाळूनही वजन आणि घेर दोन्ही जागेवर असतील, तर दोन संध्याकाळींची एक करावी आणि आणखी चार आठवडे पाहावे. त्यानंतरही फरक नसेल तर थायरॉइड, साखर आणि यकृताची तपासणी करून घ्यावी, कारण मग गाठ दारूत नसण्याची शक्यता आहे.

मर्यादाच पाळता येत नसेल तर प्रश्न वजनाचा राहिलेला नाही. दोन ठरवून पाच होणे, घरच्यांपासून बाटली लपवणे, सकाळी हात थरथरणे ही त्याची लक्षणे आहेत. रोज आणि भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात सगळे बंद करू नये. फिट येण्यापर्यंत त्रास होऊ शकतो, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावे. मुंबईत परळच्या केईएमसारख्या महापालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत, पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते.